गोव्यातल्या फ्लॅटमधली झाडं: आधी उजेड, मग जागा, रोप त्यानंतर

पर्वरी, ताळगाव, मडगाव, फोंडा, कुठल्याही वसाहतीत फिरा. ऑक्टोबरमध्ये जिन्याखाली रिकाम्या कुंड्यांचा ढीग दिसतो. मे महिन्यात हौसेने आणलेली रोपं चवथीपर्यंत (गणेशचतुर्थीपर्यंत) कुजलेली असतात. मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा रस्त्याकडेच्या नर्सरीत जाऊन तीच रोपं पुन्हा घेतली जातात आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच होतं.

याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. रोप आधी घेतलं जातं आणि त्याला घरात कुठे ठेवायचं हे नंतर ठरतं. शिवाय घरातल्या झाडांबद्दल जे सल्ले फिरत असतात ते कोरड्या हवेच्या शहरांसाठीचे असतात: रोज पाण्याचा फवारा मारा, आठवड्यातून दोनदा पाणी घाला, कुंडी कोरडी पडू देऊ नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, चपलांना बुरशी चढते आणि दिवसा दिवे लावावे लागतात. या हवेत तो सल्ला झाडाला मारतो. गोव्याच्या फ्लॅटमध्ये झाडं तहानेने क्वचित मरतात. काळोखात उभ्या असलेल्या ओल्या मातीने मरतात.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. त्यात रोप विकत घेणं पाचव्या पायरीवर येतं.

सुरुवात कधी करावी

ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगला. पाऊस ओसरलेला असतो, ऊन स्वच्छ असतं आणि पुढच्या पावसाला सामोरं जाण्यापूर्वी झाडाला सातआठ महिने मिळतात. फेब्रुवारी-मार्चही चालतो. जून ते ऑगस्ट नवीन रोप घरात आणू नका. "पावसात काहीही लावलं तरी जगतं" हे परसासाठी खरं आहे. परसात पाऊस असला तरी आभाळाचा उजेड झाडावर पडतो आणि पाणी जमिनीत निघून जातं. बंद खिडक्यांच्या हॉलमध्ये यातलं काहीच होत नाही.

पायरी १: उजेड बघा, निदान चार दिवस

माणसाचा डोळा फसवतो. काळोख्या खोलीत तो सरावतो आणि आपल्याला वाटतं की बराच उजेड आहे. उघड्यावर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. ऊन थेट न येणाऱ्या खिडकीच्या अगदी जवळ तो हजार-दोन हजारांवर येतो, तर सोफ्यामागच्या कोपऱ्यात शंभर-दोनशेसुद्धा असेलच असं नाही. मोबाइलवर उजेड मोजणारी ॲप मिळतात. त्यांचा आकडा ढोबळ असतो, पण दोन जागांची तुलना करायला पुरतो.

ॲप नको असेल तर हाताच्या सावलीवरून अंदाज घ्या. दुपारी बाराच्या सुमारास, घरातले दिवे बंद करून, जिथे कुंडी ठेवायची तिथे पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरा.

- बोटं वेगवेगळी, कडा स्पष्ट: भरपूर उजेड.
- हाताचा आकार कळतो पण कडा पुसट: मध्यम उजेड.
- सावली जेमतेम जाणवते: कमी उजेड. इथे फक्त दोन-तीन जातीच तग धरतील.
- सावलीच नाही: इथे झाड नको. दिवा लावणार असाल तरच विचार करा.

हे सकाळी आणि चारच्या सुमारासही करून बघा आणि प्रत्येक जागेपुढे लिहून ठेवा.

आता दिशेबद्दल, कारण इथे बरेच जण चुकतात. गोवा साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या साधारण दहा तारखेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे उत्तरेच्या खिडकीत, जिथे डिसेंबरात उन्हाचा ठिपकाही येत नाही, तिथे मेमध्ये पानं भाजू शकतात, सकाळी आणि संध्याकाळी तर जास्तच. दक्षिणेच्या खिडकीत उलट घडतं: डिसेंबर-जानेवारीत ऊन खोलीत आतपर्यंत शिरतं आणि मेमध्ये ते गायब होतं. तेव्हा ऑक्टोबरात केलेली पाहणी वर्षभराची समजू नका. मेच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा एकदा बघा.

पूर्वेची खिडकी सगळ्यांत सोपी, सकाळचं कोवळं ऊन बहुतेक झाडांना मानवतं. पश्चिमेला मार्च ते मे दुपारी तीननंतरचं ऊन फार कडक असतं. तिथे पातळ पडदा हवाच.

> सावध: बऱ्याच घरांत पावसाच्या तोंडावर बाल्कनीला प्लास्टिक किंवा पत्रा लावतात. झड थांबते, पण उजेडही अर्ध्याहून कमी होतो. लावणार असाल तर तो लावल्यानंतरचा उजेड तुमचा पावसाळी उजेड. पारदर्शक पत्रा मिळत असेल तर तोच घ्या.

पायरी २: जागा पक्की करा

उजेडाची यादी हातात घेऊन घरात फिरा आणि प्रत्येक जागेबद्दल चार गोष्टी तपासा.

वारा. एसीचा थंड झोत थेट पानांवर येत असेल तर टोकं तपकिरी होतात, मग पाणी कितीही घाला. पंख्याचा हलका वारा मात्र पावसाळ्यात झाडाला उपयोगी पडतो. हे पुढे येईल.

समुद्र. मिरामार, दोनापावल, वास्को, कोळवा या पट्ट्यात समुद्राकडे उघडणाऱ्या खिडकीतून खारा वारा येतो. पानांच्या कडा जळल्यासारख्या होतात आणि लोक त्याला खताची कमतरता समजून खत घालत बसतात. अशा खिडकीत जाड पानांचीच झाडं ठेवा आणि आठवड्याला ओल्या फडक्याने पानं पुसा.

वजन आणि पाणी. १२ इंची कुंडी ओल्या मातीसकट वीस किलोच्या पुढे जाते. ग्रिलच्या बाहेरच्या पट्ट्यांवर अशी कुंडी ठेवू नका. पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकणार असेल तर भांडण ठरलेलंच, तेव्हा ताटली आधी आणि कुंडी नंतर.

भिंत. पावसात ओल धरणाऱ्या भिंतीला कुंडी टेकवू नका. निदान चार बोटं अंतर सोडा, नाहीतर मागच्या बाजूला बुरशी वाढते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात.

पायरी ३: जागेप्रमाणे यादी करा

इथे नेमकं काय लावायचं ते ठरतं. नर्सरीत उभं राहून ठरवू नका, तिथे सगळंच सुंदर दिसतं.

*कमी उजेडाची जागा:* झीझी प्लांट, स्नेक प्लांट, साधी हिरवी ॲग्लोनिमा. ही कमी उजेडात तग धरतात, पण वाढ अगदी संथ असते. पाणी कमी घालायची सवय असेल तरच घ्या.

*मध्यम उजेड:* मनीप्लांट, सिंगोनियम, हिरव्या पानांचा फिलोडेंड्रॉन, पीस लिली, स्पायडर प्लांट, ड्रॅसिना. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी.

*खिडकीलगतचा भरपूर पण थेट ऊन नसलेला उजेड:* अरेका पाम, रबर प्लांट, मॉन्स्टेरा, नेचे, कलाथिया. नेचे आणि कलाथिया कोरड्या हवेच्या शहरांत फार कुरकुर करतात. आपल्या दमट हवेत ती खूश असतात, फक्त एसीच्या खोलीत ठेवू नका.

आणि आता माझ्या मनातली यादी. कुळागरात, म्हणजे आपल्याकडच्या माड-पोफळींच्या बागेत, झाडांच्या सावलीत पानवेल आणि मिरीचा वेल चढतात, खाली हळद असते. या झाडांना गाळून आलेला उजेड आणि दमट हवा जन्मापासून ठाऊक आहे. पूर्वेच्या खिडकीजवळ मिरीचा किंवा विड्याच्या पानाचा वेल नारळाच्या सोडणाच्या (सुकलेल्या सालीच्या) काठीवर चढवला तर तो परदेशी वेलांइतकाच देखणा दिसतो. रोप ओळखीच्या कुळागरातून मिळू शकतं, आणि आपल्या हवेला ते सरावलेलंही असतं. घरात मिरीचे घड लागतील अशी अपेक्षा मात्र धरू नका. हळद मेअखेर बाल्कनीतल्या रुंद कुंडीत लावली तर पातोळ्यांसाठी पानं घरचीच होतात. तिला मात्र हॉलपेक्षा बाल्कनीचा उजेड हवा.

तुळस, कढीपत्ता, जास्वंद, मोगरा यांना रोज निदान चार-पाच तास थेट ऊन लागतं. ही घरात ठेवायची झाडं नव्हेत. देवघराशेजारी ठेवलेली तुळस महिनाभरात झडते आणि घरातल्यांना उगाच अपशकुनाची शंका येते. तिला बाल्कनीत नेऊन ठेवा.

> सावध, लहान मुलं आणि पाळीव प्राणी: मनीप्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, ॲग्लोनिमा, पीस लिली, झीझी आणि डिफेनबाखिया ही सगळी अळवाच्या कुळातली. कच्चं अळू ज्यामुळे घशाला खाजतं ते कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक या झाडांतही असतात. पान चावलं तर तोंड आणि घसा सुजू शकतो. डिफेनबाखिया यात विशेष त्रासदायक. रांगतं मूल असेल तर ती आणूच नका. मांजर-कुत्रा असेल तर स्नेक प्लांटही त्यांच्या तोंडापासून लांब ठेवा. स्पायडर प्लांट, अरेका पाम, कलाथिया आणि बोस्टन फर्न हा नेचा या बाबतीत सुरक्षित.

हवा शुद्ध होते म्हणून घर कुंड्यांनी भरू नका. तो समज १९८९च्या नासाच्या अहवालावरून पसरला आणि ते प्रयोग हवाबंद पेटीतले होते. २०१९मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा हिशोब असा निघाला की इमारतीत एरवी होणाऱ्या हवापालटाशी बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. झाडं घरात आणायची ती डोळ्यांना आणि मनाला बरं वाटतं म्हणून. पहिल्या वर्षी चार किंवा पाच पुरेत.

पायरी ४: कुंडी आणि मिश्रण आधी तयार ठेवा

रोप घरी आल्यावर माती शोधायला निघालात तर ते नर्सरीच्या पिशवीत आठवडेच्या आठवडे पडून राहतं.

*कुंडी.* तळाला भोक असलंच पाहिजे, एकापेक्षा जास्त असतील तर उत्तम. भोक नसलेली चिनी मातीची सुंदर कुंडी घ्यायची असेल तर झाड साध्या प्लास्टिकच्या कुंडीत लावा आणि ती आत ठेवा. पाणी घालताना बाहेर काढा, निथळू द्या, मग परत ठेवा. मातीची कुंडी सच्छिद्र असल्यामुळे ओल लवकर सोडते. डिचोलीच्या कुंभारांकडची साधी, रंग न दिलेली कुंडी स्नेक प्लांटसाठी फार चांगली. ऑइलपेंट मारलेली मातीची कुंडी घेऊ नका, रंगाने छिद्रं बुजतात आणि मातीच्या कुंडीचा फायदाच निघून जातो.

*मिश्रण.* आपली जांभ्याची तांबडी माती एकटी कुंडीत वापरू नका. परसात ती ठीक असते. कुंडीत मात्र चारसहा महिन्यांत घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. प्रमाण असं घ्या:

- कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), धुतलेलं: २ भाग
- गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत: १ भाग
- परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे), नाहीतर हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे: १ भाग
- तांबडी माती, चाळून: अर्धा भाग
- लाकडी कोळशाचा चुरा: मूठभर
- निंबोळी पेंड: एका बादलीला मूठभर

स्नेक प्लांट आणि झीझीसाठी कोकोपीट एकच भाग घ्या आणि विटांचे तुकडे दोन भाग. मिरी, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन यांच्या मिश्रणात नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे मिसळा. या वेलांच्या मुळांना भरड, हवेशीर मिश्रण आवडतं.

कोकोपीट धुणं ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली तर कोकोपीटच्या दाबलेल्या विटेत मीठ राहतं. वीट बादलीत भिजवा, फुलली की फडक्यात घेऊन घट्ट पिळा, ते पाणी फेकून द्या. असं दोनदा करा. नंतर मुठीत दाबून बघा: गोळा व्हावा, बोटांतून पाणी येऊ नये.

> नेहमीची चूक: तळाशी खडी किंवा खापऱ्यांचा थर. याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही, ते सीमेवर अडून राहतं. म्हणजे ओला भाग तळाऐवजी वर, मुळांच्या जवळ येतो. भोकावर डासांच्या जाळीचा एक तुकडा ठेवा, बस्स.

पायरी ५: आता रोप घ्या

यादी घेऊन जा आणि यादीबाहेरचं काही घेऊ नका. सकाळी जा, स्वच्छ उजेडात कीड दिसते.

1. पान उलटं करा. देठाच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका म्हणजे पिठ्या ढेकूण. रोप परत ठेवा आणि त्याच्या शेजारचंही घेऊ नका.
2. खोड बुंध्याशी हलकेच चेपा. मऊ लागलं तर कूज सुरू आहे.
3. पिशवीच्या तळाकडे बघा. मुळं भोकातून गुच्छाने बाहेर आली असतील तर रोप बराच काळ अडकून पडलंय. एखाद-दुसरं मूळ दिसणं चांगलं.
4. नवीन पान उमलत असलेलं रोप घ्या. मोठं घेण्यापेक्षा मध्यम घ्या, ते नव्या घराशी लवकर जुळवून घेतं.
5. नर्सरीवाल्याला एकच प्रश्न विचारा: हे सावलीच्या जाळीखाली होतं की उघड्यावर? उघड्यावर वाढलेलं रोप थेट हॉलमध्ये नेलं तर निम्मी पानं गाळतं.

पानांवर तेलकट चमक दिसली तर ती पुष्कळदा फवाऱ्याची असते. घरी आल्यावर साध्या पाण्याने पुसून काढा.

पायरी ६: दोन आठवडे वेगळं ठेवा

नवं रोप जुन्या झाडांत मिसळू नका. बाथरूमची उजेडी खिडकी किंवा बाल्कनीचा सावलीतला कोपरा चालेल. दर दोन-तीन दिवसांनी पानांची खालची बाजू बघा. या काळात एक-दोन खालची पानं पिवळी पडून गळतात. जागाबदलाचा तो परिणाम आहे, घाबरून पाणी किंवा खत घालू नका.

उघड्यावर वाढलेलं रोप असेल तर याच दोन आठवड्यांत त्याला पायरीपायरीने आत आणा: आधी बाल्कनीची सावली, मग दाराजवळ, मग ठरलेली जागा.

पायरी ७: कुंडी बदला

दोन आठवड्यांनंतर, कीड नसल्याची खात्री झाल्यावर. आदल्या दिवशी थोडं पाणी घाला म्हणजे मुळांचा गोळा न फुटता सुटतो.

बाहेरून ट्रकने आलेली रोपं बरेचदा चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात असतात. हा गोळा तसाच नव्या भुसभुशीत मिश्रणात ठेवला तर दोन गोष्टी होतात. कधी पाणी बाजूच्या मिश्रणातून निघून जातं आणि मधला गोळा कोरडा दगड राहतो. कधी तोच गोळा एकदा भिजला की आठवडाभर सुकत नाही. म्हणून गोळा बादलीतल्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा आणि बोटांनी बाहेरची माती हळूहळू सोडवा. निम्म्याच्या आसपास माती निघाली तरी पुरे. सगळी मुळं उघडी करायच्या मागे लागू नका, बारीक मुळं तुटतात आणि पाणी पिण्याचं काम तीच करतात.

नवी कुंडी जुनीपेक्षा फार तर दोन इंच रुंद असावी. "एकदाच मोठी घेऊ" हा विचार घरातल्या झाडाला महागात पडतो, कारण जिथे मुळं पोचलेली नाहीत तिथलं पाणी कोण पिणार?

रोप पूर्वी जितकं मातीत होतं तितकंच ठेवा, खोड पुरू नका. वर एक इंच जागा सोडा. माती दाबू नका, कुंडी जमिनीवर दोनदा हलकेच आपटा. मग खालून पाणी येईपर्यंत पाणी घाला, निथळू द्या आणि ठरलेल्या जागी ठेवा. झीझी आणि स्नेक प्लांटची मुळं तुटली असतील तर त्यांना चारपाच दिवस पाणीच घालू नका, जखम सुकू द्या.

> तपासा: पाणी घातल्यावर मिनिटभरात ते खालून यायला हवं. पाच मिनिटं वर तळं साचून राहिलं तर मिश्रण जड झालंय. आजच काढून विटांचे तुकडे वाढवा. पावसात हे सुधारायला संधी मिळत नाही.

महिनाभर खत नाही.

पायरी ८: पाणी, हीर बघून

वार ठरवून पाणी घालणं सोडून द्या. वरची माती कोरडी दिसते आणि तीन इंच खाली चिखल असतो, हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र आहे.

खराट्यातली एक जाडशी हीर काढून घ्या. कुंडीच्या कडेने, तळाच्या जवळपास पोचेल इतकी खुपसा, दहा मिनिटं ठेवा, मग हळूच काढा. हिरेला ओली माती चिकटून आली आणि रंग गडद झाला असेल तर पाणी नको. टोकाशी फक्त जरासा ओलावा असेल तर मनीप्लांट, सिंगोनियम, पीस लिली, नेचे यांना घाला. पूर्ण कोरडी आली तर बाकीच्यांना घाला. झीझी आणि स्नेक प्लांटला हीर कोरडी आल्यावरही आठवडाभर थांबा.

घालताना भरपूर घाला, खालून बाहेर येईपर्यंत, आणि पंधरा मिनिटांनी ताटलीतलं पाणी ओता. रोज वाटीभर पाणी घालण्याची सवय घातक. वरचा थर कायम ओला राहतो आणि चिलटं वाढतात.

अंदाज म्हणून सांगायचं तर मार्च ते मे मनीप्लांटला आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी लागतं. तोच मनीप्लांट जुलैत दहा-पंधरा दिवस मागत नाही. स्नेक प्लांटला जुलै-ऑगस्टमध्ये एखाददुसऱ्या वेळीच, कधी तेवढंही नाही. पण शेवटचा शब्द हिरेचा.

पानं मलूल झाली की लोक पाण्याचा तांब्या उचलतात. कुजलेली मुळंही पाणी पिऊ शकत नाहीत, त्यामुळे कुजणारं झाड आणि तहानलेलं झाड वरून सारखंच दिसतं. हीर कोरडी आली तर तहान. हीर ओली आली, खालची पानं पिवळी मऊ पडली आणि मातीला कुबट वास आला तर कूज. कूज असेल तर त्याच दिवशी झाड बाहेर काढा, तपकिरी लिबलिबीत मुळं स्वच्छ कात्रीने कापा, उरलेली धुवा, सावलीत तासभर सुकवा आणि आधीपेक्षा लहान कुंडीत कोरडसर मिश्रणात लावा.

पानांवर फवारे मारायची आपल्याला गरज नाही, हवेतच पुरेसा दमटपणा आहे.

> सावध, डास: डेंगीचा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस पुरतात. ताटल्या आठवड्यातून एकदा नुसत्या ओतू नका, कडा घासा. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत असतात. बाटलीतल्या मनीप्लांटचं पाणी चार-पाच दिवसांनी बदला, बाटली आतून घासा आणि तोंडाला कापसाचा बोळा लावा.

पायरी ९: मेअखेरची पावसाळी तयारी

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. मान्सून जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, तेव्हा हे काम पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या) खरेदीबरोबरच, मे संपण्याआधी उरका.

सगळ्या कुंड्या खिडकीच्या दिशेने निदान एक पाऊल पुढे सरकवा. मेमध्ये जी जागा मध्यम उजेडाची होती ती जुलैत कमी उजेडाची होते. खिडकीच्या काचा आतून-बाहेरून धुवा, धूळ बराच उजेड खाते. पानं ओल्या फडक्याने पुसा. दूध, खोबरेल तेल काही लावू नका, त्यावर धूळ आणि बुरशी बसते.

कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवू नका. पानांना पानं लागणार नाहीत इतकं अंतर हवं. दिवसातून काही तास पंखा सगळ्यात कमी वेगावर फिरू द्या. घरात कपडे वाळत असतील तेव्हा तर नक्कीच, कारण तो सगळा ओलावा त्याच हवेत जातो.

ज्या जागेवर पावसाळ्यात हाताची सावलीच पडत नाही तिथे दहा-पंधरा वॉटचा साधा पांढरा एलईडी दिवा झाडापासून फूट-दीड फूटावर लावा आणि रोज दहा-बारा तास चालू ठेवा. जांभळ्या रंगाचे महागडे दिवे घ्यायची गरज नाही.

पाऊस थांबला की "जरा पाऊस लागू दे" म्हणून घरातली झाडं बाल्कनीच्या कडेला ठेवू नका. एका रात्रीच्या झडीने मिश्रण इतकं भिजतं की ते सुकायला पंधरा दिवस जातात. शिवाय गोगलगायी चढतात आणि झाडाबरोबर आत येतात.

पायरी १०: खत आणि कीड

खत झाड वाढत असतानाच. ऑक्टोबर ते मे, दर दोन महिन्यांनी कुंडीला मूठभर गांडूळखत वरच्या मातीत मिसळा. हवं तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान) हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, ओल्या मातीत. जून ते सप्टेंबर काहीच नाही. चहाचा चोथा, तांदूळ धुतलेलं पाणी, कांद्याच्या सालींचं पाणी घरातल्या कुंडीत घालू नका. बाहेर ते खपून जातं, आत मात्र वास आणि चिलटं येतात.

चिलटं दिसली की पाणी तोडा, वरचे दोन इंच पूर्ण सुकू द्या. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. पिठ्या ढेकणांना कापसाच्या बोळ्यावर सर्जिकल स्पिरिट घेऊन एकेक पुसून काढा, मग लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन-तीन थेंब भांड्याचा द्रवसाबण मिसळून संध्याकाळी फवारा. आठवड्याच्या अंतराने तीनदा. एकदा फवारून थांबलात तर अंड्यांतून पुन्हा पिल्लं येतात. एसीच्या खोलीत पानांखाली बारीक जाळी दिसली तर तो कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. पानं नळाखाली धुवा आणि झाड त्या खोलीतून हलवा.

पायरी ११: घर बंद ठेवून जाताना

चवथीला आपण चार दिवस, कधी आठवडाभर मूळ घरी जातो. पडदे ओढलेले, खिडक्या बंद, पंखे बंद, आणि निघताना "तहानतील बिचारी" म्हणून तांब्या तांब्या पाणी. वर्षातली सगळ्यात जास्त झाडं याच आठवड्यात कुजतात.

चवथीला निघताना पाणी घालू नका, हीर अगदी कोरडी असेल तरच घाला आणि तेही दोन दिवस आधी. पडदे उघडे ठेवा. पाऊस आत येणार नाही अशी एखादी झडप किंवा बाथरूमची खिडकी किलकिली ठेवा. ताटल्या रिकाम्या करून पुसून उपड्या ठेवा. बाटलीतली झाडं शेजाऱ्यांकडे द्या किंवा पाणी ओतून ओल्या कोकोपीटमध्ये खोचा.

मेच्या सुट्टीत उलट करा. निघायच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी, झाडं खिडकीपासून दोन-तीन फूट आत आणि सगळ्या कुंड्या एकत्र जवळजवळ, म्हणजे ओल टिकते. दहा दिवसांपेक्षा जास्त जाणार असाल तर शेजाऱ्यांना किल्ली देताना ती हीरही द्या आणि एकदा वापरून दाखवा. नुसतं "झाडांना पाणी घाला" म्हटलंत तर ते प्रेमाने रोज घालतील.

परत आल्यावर आधी खिडक्या उघडा, मग पानांच्या खालची बाजू बघा, मग प्रत्येक कुंडीत हीर घाला. पाण्याचा तांब्या त्यानंतर.